हसुराममामांचं फाटक

"मामा, फाटक!"

मी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून ओरडले, तेव्हा कुठे हसुराममामा हलले. दहा हातांवर स्टुलावर बसले होते. तोंड बरोबर माझ्याकडे, मांडीवर कागदात शेंगा. माझ्या गाडीच्या नाकासमोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा, आणि मामा निवांत शेंगा सोलत होते.

"आलीस व्हय? कदी आलीस?"

"दोन मिन्टा झाली उबी हाय. तुमच्याच तोंडासमोर."

"मंग हाक नाय मारायची?" असं म्हणत त्यांनी दांड्याच्या वजनाची दोरी खाली ओढली. दांडा वर गेला. मी गाडी पुढे घेतली, तर मूठ पुढे करून म्हणाले, "शेंगा घे."

मी घेतल्या नाहीत. डोक्यात तिडीक गेली होती.

रूळ ओलांडून आरशात पाहिलं. माझ्या मागे रस्ता मोकळा होता. कंटेनरच्या थप्पीपलीकडून, अजून दिसतही नव्हता असा गित्तेचा डिझेल ट्रॅक्टर घरघरत येत होता, आणि मामांनी त्याच्यासाठी दांडा वरच धरून ठेवला. गित्ते वळणावरून आला आणि न थांबता निघून गेला. जाताना हात हलवून गेला.

मला काही कळेना. दिसत असलेल्या गाडीला थांबवायचं आणि न दिसणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा कुठला न्याय?

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. आमच्या गावाला लागून बंदराचं रेल्वे यार्ड आहे. मालगाडीतून कंटेनर उतरतात आणि ट्रॅक्टर ते ओढून जहाजाच्या धक्क्यापर्यंत नेतात. तेव्हा तिथे तीसेक ट्रॅक्टर होते, सगळे डिझेलचे आणि सगळे म्हातारे. रांगेत उभे असले तरी इंजिन चालूच, कारण एकदा बंद केलं तर पुन्हा चालू होईलच अशी खात्री कोणाला नव्हती. यार्डाची भिंत आणि आमची घरं यांच्यामध्ये एक गटार, बस. आई गच्चीवर जवळा वाळत घालायची तेव्हा वर जुनं लुगडं पसरायची. तरी खाताना दाताखाली काळी कचकच यायची. पांढरा कपडा बाहेर वाळत घालणारी बाई दिसली की ओळखायचं, पाहुणी आहे. आईचा खोकला पावसाळ्यात थोडा थांबायचा, बाकी वर्षभर घरातल्या माणसासारखा आमच्यात राहायचा.

शेवटी प्रदूषणवाल्यांची नोटीस आली आणि कंपनीने एक विजेवरचा ट्रॅक्टर आणला. एकवीस दिवसांची ट्रायल. गाव म्हणालं, नोकरी आमच्या माणसाला द्या. मी बाबांचा टेम्पो चालवायची, अवजड गाडीचं लायसन्स होतं. गावचीच पाहिजे आणि बाईही पाहिजे, म्हणजे पेपरात फोटो चांगला येतो, असा हिशेब करून त्यांनी मला बसवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. स्टिअरिंग हातात होतं ना!

अट साधी होती. एका पाळीत बावीस फेऱ्या. तेवढ्या झाल्या तर असे वीस ट्रॅक्टर येणार आणि चालवायला गावातल्या आणखी बायका घेणार. नाही झाल्या तर गाडी ट्रेलरवर चढून परत जाणार आणि मी घरी.

गाडी सुरेख होती. धूर नाही, धक्का नाही, आणि आवाज तर इतका नाही की पहिल्या दिवशी मी तीनदा खाली उतरून बघितलं, चालू आहे की बंद. गित्ते तिला मिक्सर म्हणायचा. "ताई, आज काय वाटण वाटताय?" असं रोज विचारायचा. पण फेऱ्या व्हायच्या सतरा. कधी सोळा. सगळा वेळ जायचा तो या फाटकावर.

फाटक नेहमी पडलेलं असायचं. रेल्वेचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, आत यायचा असला की केबिनमधून फोन यायचा, मग ते पडलेलंच ठेवायचं. एरवी ट्रॅक्टर आला की फाटकवाला दांडा उचलायचा. हॉर्न वाजवायला बंदी होती, कारण डबे जोडणारी माणसं शिट्ट्यांवर काम करतात. त्यांच्या शिट्ट्या ऐकू आल्या पाहिजेत. मग मी काय करायचं? लाइट लावून बघितली. हात हलवून बघितला. मामा माझ्याकडे बघत बसायचे आणि दांडा जागचा हलायचा नाही. शेवटी घसा फाडून हाक मारायची, आणि यार्डाच्या घरघरीत ती ऐकू गेली तर गेली.

बरं, नजर कमी म्हणावी तर अख्ख्या यार्डात मामांच्या नजरेचे दाखले द्यायचे. माझ्यासमोरच त्यांनी एकदा गित्तेला फाटकावरून हाक दिली होती, "ए गित्ते, मागचा डावा टायर बसलाय रं!" गित्ते तेव्हा शंभर पावलांवर होता. उतरून बघतो तर खरंच टायर बसलेला. कोणता ट्रॅक्टर रिकामा येतोय, कोणता भरलेला, कोणता नंबर कितवा, सगळं ते बसल्या जागेवरून सांगायचे. "हसुरामचे डोळे घारीचे," असं साहेब लोकसुद्धा म्हणायचे. घारीच्या डोळ्यांना माझी बारा फूट उंच पांढरीफेक गाडी तेवढी दिसत नव्हती!

पाटणकर साहेब ट्रायलचे प्रमुख होते. शांत माणूस, पण रोज संध्याकाळी एकच प्रश्न.

"रंजिता, फाटकावर रोज पस्तीस मिनिटं जातात. का?"

"मला नका विचारू. हसुराम म्हात्रेंना विचारा."

"विचारलं. ते म्हणतात, मी कोणालाच अडवत नाही."

"मग मी खोटं बोलते का?"

"तसं नाही म्हटलं मी." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पण मला अहवालात कारण लिहावं लागेल. 'कारण समजत नाही' असं नाही लिहिता येत."

मला तरी कुठे समजत होतं? मी घरी येऊन आईच्या उशाशी बसले. मामा आईच्या माहेरचे, यार्डाला लागूनच असलेल्या शेजारच्या गावचे. सख्खे नव्हेत, पण आईच्या माहेरचा प्रत्येक पुरुष आमच्याकडे मामाच. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलेली. मग असं का?

आई खोकत विचार करत राहिली आणि म्हणाली, "तुज्या बहिनीच्या हलदीला त्याला बोलवना गेला नव्हता. त्या मनान ठेवला असल."

आमच्यात हळदीचं बोलावणं चुकलं म्हणजे दहा वर्षांचं वैर. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकावर गेले, गाडी बाजूला लावली आणि सरळ पाया पडले.

"मामा, चुकला आमचा. मोठ्या मनान माफ करा."

मामा गोंधळले. हवेत हात चाचपत त्यांनी माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "कशाची माफी?"

"ताईच्या हलदीला बोलवना नाय आला, त्याची."

"कनच्या हलदीला? आगं, मी आल्तू की! मटन वाढाला मीच व्हतू."

पेढे त्यांनी खाल्ले. फाटक त्या दिवशीही हाक मारल्याशिवाय उघडलं नाही.

मग मी ठरवलं, हा माणूस विकला गेलाय. डिझेलवाल्यांनी काहीतरी सांगितलं असणार. वीस नव्या गाड्या आल्या तर वीस जुने ड्रायव्हर कुठे जाणार? मी गित्तेला तोंडावर विचारलं. तो बीडचा, सरळ माणूस. त्याला इतकं वाईट वाटलं की दोन दिवस त्याने मला मिक्सरवरून चिडवलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, एक करा. माझ्या मागं चिकटून चला. मला फाटक उघडतंय ना, त्यातच तुम्ही निघून जा."

तो अकरावा दिवस. मी गित्तेच्या मागे लागले. त्याचा धूर खात, वीस हातांवर. त्याच्यासाठी दांडा वर गेला. तो रुळांवरून पलीकडे गेला, मी आत शिरले, आणि दांडा खाली आला. धाडकन. माझ्या समोरच्या काचेवर. काच फुटली नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली.

माझा पारा चढला. आता याला सोडायचा नाही! दाराशी गित्तेच्या ट्रॅक्टरचा धूर भरला होता, म्हणून मी पलीकडच्या बाजूने उतरले, गाडीला मागून वळसा घातला आणि मामांच्या पुढ्यात येऊन उभी राहिले. एका हाताच्या अंतरावर. शिव्या ओठांवर तयार होत्या.

मामा दोरी सोडून पुढे आले होते. तळव्याने माझ्या गाडीचा पत्रा चाचपत होते, बंपर, मग दिवा, मग पुन्हा पत्रा. चेहरा पांढरा पडलेला. वर केबिनकडे तोंड करून म्हणाले, "रंजिता? पोरी, लागला का? बोल ना. आगं, बोल काईतरी!"

मी त्यांच्यासमोर उभी होते आणि ते रिकाम्या केबिनशी बोलत होते.

मी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूच इकडून तिकडे नेला. पापणी हलली नाही.

शिव्या कुठल्या कुठे गेल्या. मी कसंबसं म्हणाले, "मामा, मी हितं हाय."

ते माझ्या आवाजाकडे वळले. त्यांना कळलं की मला कळलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"चार वरसा." ते हळू बोलले. "एक डोला आंदी गेला, मंग दुसरा. नुसता धूर दिसतो. उजेर कलतो, मानूस कलत नाय."

"आन् गाड्या?"

"गाऱ्या आयकू येतान. चौदा नंबरचा सायलेन्सर फाटलाय, सात नंबर खोकतो, बावीसचा पट्टा किरकिरतो. टायर बसला तं डांबरावर थपथप वाजतो. रेक येतो तवा रूल बोलतान." मग माझ्या गाडीवर हात ठेवून म्हणाले, "ही तुजी बया बोलतच नाय."

तेवढ्यात पाटणकर साहेबांची जीप आली. साहेबांनी काच बघितली, दांडा बघितला, आम्हा दोघांना बघितलं.

"काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "चूक माजी, साहेब. झापड आली. हात सुटला."

"रंजिता, खरं आहे?"

'हो' म्हटलं तर मामांना एक मेमो मिळणार आणि ट्रायल वाचणार. 'नाही' म्हटलं तर मामा घरी. त्यांना तीन वर्षं राहिली होती. जमीन गेली तिच्या बदल्यात मिळालेली नोकरी, मुलगा बेकार. आणि रुळांवरच्या फाटकावर न दिसणारा माणूस. सगळं एकदम डोक्यात आलं आणि त्याचा नुसता काला झाला.

"हो," मी म्हणाले.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फाटकावर गेले. मामांनी डबा उघडला नव्हता.

"ऑपरेशन कशाला नाय केलात? मोतीबिंदू तं हाय. आजकाल एका दिवसात घरी सोरतान."

"कंपनीच्या डाक्टरला कलला तं फाटक जाल. फाटकावर चष्मावाला चालत नाय, ऑपरेशनवाला पन चालत नाय. माज्या आंदीच्या फाटकवाल्याला, धर्माला, कसा घरी बसवला, बघलास ना?"

"आन् एकादा मानूस रुलावर आला तं?"

"चार वरसान एक पन अपघात नाय." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. "तू फकस्त तुजी गारी बोलती कर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून पितळेची घंटा आणली. त्यांच्या वडिलांच्या बैलाच्या गळ्यातली. ती त्यांनीच चाचपत माझ्या बंपरला बांधली. आणि काय सांगू, त्या दिवशी वीस फेऱ्या झाल्या, नंतर तेवीस. मी वळणावर आले की घंटा किणकिणायची आणि दांडा वर. मामा मला शेंगा द्यायचे आणि मी घ्यायची. गित्ते म्हणाला, "ताई, आता बैलगाडी झाली की तुमची!" पाटणकर साहेबांनी विचारलं तर मी म्हणाले, नजर लागू नये म्हणून बांधली. नवीन गाडीला लोक लिंबू-मिरची बांधतात, आम्ही घंटा बांधली. साहेब हसले. अहवालात चांगले आकडे जायला लागले होते, त्यांना आणखी काय हवं होतं?

मी मात्र खूश आहे की घाबरलेली, हे माझं मलाच कळत नव्हतं. दिवसा फेऱ्या मोजून उड्या मारायची आणि घरी आले की जेवण उतरायचं नाही. रुळांवरून रोज माणसं ये-जा करायची. डबे जोडणारे, झाडणाऱ्या बायका, डबा आणणारे. त्यांचं कोणाचंच इंजिन वाजत नव्हतं. मी फाटकातून जाताना दर वेळी मान वळवून रूळ बघायची, जसं काही मीच फाटकवाली होते.

विसाव्या दिवशी पाटणकर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ट्रायल पास झाल्यासारखीच आहे. उद्या मोठे साहेब आणि प्रदूषणवाल्या मॅडम बघायला येतील, मग वीस गाड्यांची शिफारस जाईल. मी धावत फाटकावर गेले.

"मामा, वीस गाऱ्या येनार!"

ते हसले. मग हसू हळूहळू गेलं.

"वीस? सगल्या अशाच मुक्या?"

"हां."

"वीस घंट्या कुठून आनू मी?"

मी धीर करून म्हणाले, "मामा, आता तुमीच साहेबांना सांगा. दुसरा काम मागा. मी येते तुमच्यासंगती."

"दुसरा काम कोन देतो? तीन वरसा गप बस, बाय. गाऱ्या काय उद्याच येतान? सरकारी कागद हाय तो. मी गेल्यावर येऊ देत."

"आन् तवर?"

"तवर मी हाय ना."

मी उठले. "तुमी नाय सांगला तं मना सांगाया लागल," असं मी म्हणाले की नुसतं मनात म्हटलं, हे आज खरंच आठवत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत पाटणकर साहेब आले. काच नवी बसवली होती, गाडी धुतली होती. बंपरकडे बोट दाखवून म्हणाले, "ती घंटा काढून ठेव आज. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. आवाज न करणारी गाडी म्हणून आणलीय आपण, आणि ही देवळासारखी वाजते."

मी घंटा काढली आणि सीटखाली ठेवली.

पाहुणे दहाला आले. साडेसात ते दहा, अडीच तास माझ्या हातात होते. त्या वेळात गाडी चार्जिंगला लावलेली होती. फाटक तिथून चालत तीन मिनिटांवर. जाऊन मामांना सांगता आलं असतं की आज घंटा नाही, मी वळणावर आले की खोकेन, टाळी वाजवेन, काहीही. गेले नाही. साहेबांना सांगता आलं असतं, घंटा राहू द्या. तेही सांगितलं नाही. निघताना सीटखाली हात घालून ती पुन्हा बांधता आली असती, हात पुरत होता. मी चार्जरपाशी उभी राहून नखं खात होते. साहेबांचा हुकूम होता म्हणून, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले.

फाटकाशेजारी छोटा मांडव घातला होता. मोठे साहेब, मॅडम, पाटणकर, आणि हात बांधून उभे असलेले काही ड्रायव्हर. मामा इस्त्रीचा गणवेश घालून, दोन्ही काखांत झेंडे धरून ताठ उभे. मी वळणावरून आले, रस्ता उतारावर होता, गाडी नुसती तरंगत गेली आणि दांड्यापासून चार हातांवर थांबली. माझ्या मागे थोड्या अंतरावर गित्ते भरलेला कंटेनर घेऊन उभा राहिला, इंजिन चालू ठेवून.

मामा माझ्याकडे बघत उभे होते. दांडा खाली होता. पाहुण्यांसमोर आधी माझी गाडी जायची ठरली होती, म्हणून ते गित्तेचं इंजिन ऐकूनही घंटेसाठी थांबले होते. मला हाक मारता आली असती. पहिल्या दिवसापासून मारतच होते की!

मोठे साहेब पाटणकरांना म्हणाले, "हा उघडत का नाही?"

पाटणकरांनी हाक दिली, "हसुराम! फाटक!"

मामांनी झटकन दांडा उचलला. मी गाडी हलवली नाही. पाय ब्रेकवरून उठेचना. मॅडम मांडवातून उठून मामांजवळ गेल्या. बाई आवाजाने मऊ होत्या. म्हणाल्या, "काका, गाडी केव्हाची समोर उभी आहे. दिसली नाही का?"

"दिसली की, म्याडम," मामा हसून म्हणाले. "गित्तेची चौदा नंबर. भरलेली हाय. या, या म्हनावं."

ड्रायव्हर हसले. त्यांना वाटलं मामा चेष्टा करतायत. मोठे साहेबही हसले. मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं, दांड्यासमोरच्या पांढऱ्याफेक गाडीकडे बघितलं, परत मामांच्या डोळ्यांकडे बघितलं. हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. गित्तेने इंजिन बंद केलं.

आणि इंजिन बंद झाल्यावर मामांना समजलं. त्यांनी मान थोडी तिरकी केली, ऐकल्यासारखी. कुठलाच आवाज नव्हता. मी श्वाससुद्धा धरून बसले होते.

"रंजिता?" ते म्हणाले. "तू हाईस का गं तिथं?"

मी उत्तर दिलं नाही.

त्याच दुपारी त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे नेलं. चार दिवसांत कागद झाले. शिस्तभंगाची कारवाई करणार होते, पण गाव उभं राहिलं आणि पाटणकरांनीही शब्द टाकला, म्हणून नुसतं घरी बसवलं. ट्रायल पास झाली. गाडी तरी ट्रेलरवर चढून परत गेलीच, शिफारस वर गेली, आणि मी टेम्पोवर आले. आईने माझ्याशी महिनाभर नीट बोलणं टाकलं. "माज्या माहेरच्या मानसाला तू..." असं म्हणायची आणि पुढचं खोकल्यात जायचं. मी तिला सांगायची, रुळावर एखादी बाई मेली असती तर? ती म्हणायची, मेली नव्हती ना. दोघींचंही खरं होतं.

मामांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली असं कळलं, तेव्हा मी हिय्या करून त्यांच्या गावी गेले. अंगणात मामी भांडी घासत होत्या. मला बघून त्यांनी बसही म्हटलं नाही. मामा घराच्या भिंतीशी पाठमोरे उभे होते, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. हातात ओलं फडकं.

"मामा."

ते वळले. माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, कपाळापासून पायापर्यंत, आणि मी एवढी मोठी दिसते याचं त्यांना नवल वाटल्यासारखं झालं.

"बारीक झालीस," ते म्हणाले. मग माझा विषय संपल्यासारखे भिंतीकडे वळले. "ये हितं. हे बघ."

भिंत कौलांपासून जोत्यापर्यंत करडी होती. त्यांनी फडक्याने मधला हातभर तुकडा पुसला होता. तो पांढरा होता.

"चार वरसांमागं रंग दिला. तुजी मामी सांगायची, सफेद हाय. मना कालपट दिसायचा. मी म्हनायचू, डोल्यांचा दोष हाय, भिंत सफेद असल." त्यांनी फडकं उलटं करून मला दाखवलं. काळंमिट्ट. "डोलं साफ करून आलू तरी कालीच. मंग बोट लावून बघला. यार्डाची काजली."

मामी भांड्यांवरून म्हणाल्या, "मी सफेदच दिल्ता."

"व्हय, व्हय. तुला कोन काय बोलतंय?" मामा फडकं बादलीत पिळू लागले. पाणी शाईसारखं झालं होतं. पिळता पिळता त्यांनी विचारलं, "कदी येतान त्या वीस गाऱ्या?"

"शिफारस गेली हाय वर. पाटनकर म्हनतान, पुढच्या वरसाला. कदाचित त्याच्या पुढच्या."

"म्हनजे आल्या नाय."

"नाय."

"जुन्या चालतान? चौदा नंबर?"

"चालतान."

त्यांनी फडकं झटकलं आणि भिंतीवर पुढचा हातभर तुकडा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाऱ्या यायच्या व्हत्या म्हनून मी गेलू ना, बाय? मंग येऊ देत तरी."

मी बादली उचलली आणि पाणी बदलायला विहिरीवर गेले.